गॅरेजला गॅरेजच राहूं द्या

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार डोकावूं लागला आहे. बंगल्याच्या आवारांत जुनें गॅरेज आहे. त्यांत मोटार जात नाहीं, माणूस राहत नाहीं, अडगळीखेरीज कांहीं मावत नाहीं. तेव्हां तें दुरुस्त करून त्याची एखादी खोली केली, तर घराची किंमत वाढेल काय? एका गृहस्थांनीं तर "भाड्यानें द्यावें कीं पाडून टाकावें?" एवढ्या एका ओळीखालींच सही केली आहे! या प्रश्नाचा अभ्यास आम्हांस पुस्तकांत करावा लागला नाहीं. तो आमच्याच घरीं, आमच्याच खर्चानें, नुकताच होऊन गेला आहे. सबब या महिन्याचें टिपण त्या अनुभवासाठींच राखून ठेवीत आहों.

आमचें घर पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या बाजूला, १९३८ सालीं बांधलेलें. त्या सुमारास गांवांतला वाडा सोडून नदीपलीकडे बंगला बांधणारा गृहस्थ, पदरीं मोटार असो वा नसो, नकाशांत गॅरेज दाखवावयास सहसा चुकत नसे. आजोबा वकील. त्यांनीं आधीं गॅरेज बांधलें, आणि मग दोन वर्षांनीं एक वापरलेली लहान ऑस्टिन घेतली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां ती विकून टाकली, आणि त्यानंतर ऐंशी वर्षें त्या खोलींत मोटार म्हणून शिरली नाहीं. शिरल्या त्या इतर वस्तु. कोळशाचीं पोतीं, तांब्याचा बंब, मोडका पाळणा, दिवाळी अंकांचे गठ्ठे, तीन पिढ्यांच्या सायकली, आणि कोणाच्या मुंजींतले कोण जाणे, पंचवीस पाट.

अडगळीचा एक स्वभाव आहे. तिला एक खोली दिली कीं ती दुसरी मागते. गॅरेज भरल्यावर ती घरांत आली, आणि जेथें आजोबा पक्षकारांस भेटत त्या खालच्या पुढच्या खोलींत तिनें बैठक मारली. बदलीच्या गांवांहून परत आलेल्या पेट्या, जुनें कपाट, मुलांच्या सायकली, रिकामीं खोकीं! त्या खोलीला आम्ही अजून ‘ऑफिस’ म्हणत होतों. परंतु तेथें बसावयास खुर्ची ठेवण्याइतकीही जमीन मोकळी नव्हती. आमची मोटार बिचारी रस्त्यावर, झाडाखालीं, कावळ्यांच्या स्वाधीन.

अशा स्थितींत दोन वर्षांपूर्वीं धाकट्या बंधूंनीं हिश्शाची गोष्ट काढली. ते बंगळूरला असतात. नोकरी गेली, घराचे हप्ते मात्र राहिले. मागितलें तें त्यांनीं संकोचानें मागितलें, आणि आम्हीही तें रागानें ऐकलें नाहीं. पण ‘वाटणी’ हा शब्द एकदां उच्चारला गेला कीं भिंतींनासुद्धां ऐकूं जातो. शेवटीं असें ठरलें कीं घराची रीतसर किंमत करून घ्यावी, आम्हीं दोघां भावांनीं घरावर बँकेचें कर्ज काढावें, आणि धाकट्यांचा हिस्सा त्यांस रोख द्यावा. घर मोडावयाचें नाहीं, एवढ्यावर सर्वांचें एकमत होतें.

किंमत करावयाची म्हटल्यावर सर्वांचें लक्ष गॅरेजकडे गेलें. पुतण्या हिशेबी. तो म्हणाला, "काका, गॅरेजला एक न्हाणीघर जोडूं, वर पत्रा घालूं, आणि दोन विद्यार्थ्यांना भाड्यानें देऊं. हप्त्याचा मोठा भाग त्यांतूनच सुटेल, आणि किंमतही वाढेल." वहिनींचा विचार निराळा होता. आमच्या काकू चौऱ्याऐंशीं वर्षांच्या. त्यांची खोली माडीवर. गुडघ्यांमुळें दिवाळीपासून त्या खालीं उतरल्या नव्हत्या. तुळशीला पाणीसुद्धां त्या खिडकींतून हात जोडूनच घालीत! वहिनी म्हणाल्या, "भाडेकरू कशाला? तीच खोली नीट करून काकूंना द्या. त्यांचे जिने तरी वांचतील."

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. काकूंना मूलबाळ नाहीं. काकांच्या मागें त्यांच्याकडे आलेला घराचा भाग त्यांनीं कित्येक वर्षांपूर्वींच आम्हां तिघां भावांच्या नांवें करून दिला होता. तेव्हां घराच्या किंमतीची चर्चा जिच्या मालमत्तेवर चालली होती, तिच्यासाठींच तळमजल्यावर जागा नव्हती, हें कोणी बोलून दाखवीत नव्हतें. पण प्रत्येकाच्या मनांत तें सलत होतें. वहिनींची सूचना काकूंच्या कानीं गेली. त्या हंसून म्हणाल्या, "अरे, ती जागा मामंजींनीं मोटारीसाठीं बांधली. मी कांहीं गाडी नव्हे, कीं रात्रीं आंत लोटली नि दार लावून घेतलें!" आम्हीही हंसलों. पण त्या रात्रीं झोंप मात्र लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमच्या एका इंजिनिअर स्नेह्यांस बोलावलें. ते आले, फीत काढली, आणि गॅरेजकडे न पाहतां म्हणाले, "आधीं मंजूर नकाशा दाखवा." आजोबांच्या ट्रंकेंतून तो निघाला. त्यावर गॅरेज मागच्या कोपऱ्यांत, थेट हद्दीच्या भिंतीला चिकटून काढलेलें. स्नेह्यांनीं उंची मोजली. तुळईखालीं आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. फीत गुंडाळीत त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या पत्रलेखकांनीं नीट वाचावें.

पहिली गोष्ट कायद्याची. बंगल्याभोंवतीं सोडावयाच्या मोकळ्या जागेंत गॅरेजला जी सवलत मिळते ती वाहनासाठीं मिळते, माणसासाठीं नव्हे. माणूस राहावयाचा तर खोलीला उजेड-वाऱ्यासाठीं मोकळी जागा हवी, आणि उंची सामान्यतः २.७५ मीटरांहून कमी चालत नाहीं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याप्रमाणें नवें बांधकाम तर परवानगीवांचून करतां येत नाहींच, परंतु असलेल्या वास्तूचा उपयोग बदलणें हेंही ‘विकास’ या शब्दांत मोडतें. परवानगी न घेतां गॅरेजची राहती खोली केली, तर नोटीस देऊन ती पूर्वस्थितीस आणावयास लावण्याचा व खटला भरण्याचाही अधिकार नियोजन-संस्थेस आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. बँक कर्ज देतांना मूल्यमापक पाठवते, आणि तो प्रत्यक्ष घर व मंजूर नकाशा शेजारीं-शेजारीं ठेवून पाहतो. नकाशांत नसलेल्या बांधकामाची किंमत तो सहसा धरीत नाहीं. उलट, घराच्या निर्दोष कागदपत्रांत एक प्रश्नचिन्ह मात्र उभें राहतें. पुढें कोणी घर विकत घ्यावयास आला, तर त्याचा वकील प्रथम त्याच प्रश्नचिन्हावर बोट ठेवतो, आणि भाव पाडून मागतो.

तिसरी गोष्ट आरोग्याची. हद्दीच्या भिंतीला चिकटलेली, एका बाजूनेंच वारा येणारी, वर पत्रा असलेली खोली उन्हाळ्यांत भट्टी व पावसाळ्यांत तळघर होते.

"म्हणजे," स्नेही म्हणाले, "तुम्ही चार-पांच लाख खर्च करून घराची किंमत उतरवून घेणार!"

पुतण्या गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण काका, इतके लोक करतात तें?"

"करतात," स्नेह्यांनींच उत्तर दिलें, "आणि विकावयाची वेळ आली कीं आपल्याच खर्चानें पाडतात."

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घर वाढवितांच येत नाहीं असें नाहीं. मुंबई व कांहीं अपवाद वगळतां महाराष्ट्रांत २०२० सालच्या अखेरीस एकत्रित बांधकाम-नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणें आपल्या जागेंत बांधकामाचा हक्क शिल्लक असेल, तर परवानाधारक वास्तुविशारदाकडून नकाशा करवून, योग्य जागीं, रीतसर नवी खोली बांधतां येते. परंतु तो मार्ग निराळा, आणि त्याचा खर्चही निराळा.

मग गॅरेजचें करावयाचें काय? स्नेह्यांचें उत्तर एका वाक्याचें होतें: "त्याला गॅरेजच करा." तें ऐकून प्रथम आमची निराशा झाली. परंतु जातां-जातां ते ‘ऑफिस’च्या दारांत थांबले, आंतल्या पेट्यांच्या डोंगराकडे पाहिलें, शेजारचें न्हाणीघर व शौचकूप पाहिलें, आणि विचारलें, "ही खोली नकाशांत राहती खोली म्हणूनच आहे ना? मग तुम्ही काकूंसाठीं खोली बाहेर कां शोधतां?" प्रश्न इतका साधा होता, कीं तो घरांतल्या अकरा माणसांपैकीं एकालाही सुचला नव्हता याची लाज वाटली.

काम असें झालें.

आरंभ उपसण्यानें. यास सहा दिवस लागले, आणि खरें दुखणें हेंच. नियम असा केला कीं जी वस्तु तीन वर्षांत कोणी मागितली नाहीं ती जाईल; वादाच्या वस्तूचा निकाल काकू देतील. बंब राहिला, पाट देवळांत गेले, गठ्ठ्यांपैकीं वाळवीनें सोडलेले ग्रंथालयाला दिले. तळाशीं एक लोखंडी वांकडा दांडा सांपडला. तो ऑस्टिनचा हँडल. समोर घालून फिरविला कीं इंजिन सुरू होई. काकूंनीं ती मोटार पाहिलेलीच नाहीं. पण मामंजी तिची गोष्ट सांगत, म्हणून त्यांनीं तो दांडा ओळखला.

दुसरें, पाणी. ऐंशी वर्षांत आवारांत भर व फरशांचे थर पडत गेले, आणि गॅरेजची जमीन बाहेरच्याहून खोल झाली. पाऊस आंत येई तो यामुळें. पुष्कळ लोक अशा वेळीं आंतली जमीन उंच करतात. पण मग आठ फुटांचीही उंची उरत नाहीं. आम्हीं उलट केलें. बाहेरची भर खणून काढली, दारासमोर जाळीची आडवी चर केली, आणि आंतल्या नव्या फरशीला दाराकडे उतार दिला. दहा फुटांस दीड ते दोन इंच उतार पुरे होतो.

तिसरें, भिंती. मूळच्या भिंती विटांच्या, चुन्यांत बांधलेल्या. मधल्या काळांत कोणीतरी त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविला होता. चुन्याची भिंत ओल शोषते तशी ती सोडतेही. सिमेंटनें तिचें तोंड बांधलें कीं ओल आंतच कोंडते, वर चढते, आणि रंगाचे पापुद्रे निघतात. खालच्या तीन फुटांचा गिलावा काढून भिंती फाल्गुनापासून वैशाखापर्यंत नुसत्या वाळूं दिल्या, आणि मग चुन्याचा गिलावा केला. या कामांत घाई म्हणजे पैसे पाण्यांत. येथें तर अक्षरशः!

चौथें, छप्पर. मंगळुरी कौलें, सागाचे वासे. भिंतीलगतच्या दोन वाशांस वाळवी लागली होती. ते बदलले, वाळवीचें औषध मारलें, फुटकीं कौलें काढलीं. पत्रा घालण्याचा मोह टाळला. जेथें गॅरेजवर स्लॅब आहे, तेथें आधीं खालून पाहावें. सळई गंजली कीं फुगते व काँक्रीटचे पापुद्रे पाडते. तेथें वरून रंग देऊन कांहीं उपयोग नाहीं, गंजलेला भाग उघडा करूनच दुरुस्ती केली पाहिजे.

पांचवें, माप. आजोबांची ऑस्टिन चार-सव्वाचार फूट रुंद होती. आजच्या मोठ्या मोटारी सहा फुटांच्या आसपास रुंद असतात, बाजूचे आरसे निराळे. सुदैवानें २००६ सालच्या अंदाजपत्रकापासून आपल्याकडे चार मीटरांहून आखूड, लहान इंजिनाच्या मोटारींना करांत सवलत मिळत आली आहे, म्हणून त्या मापाच्या मोटारी पुष्कळ आहेत. चार मीटर म्हणजे सव्वातेरा फुटांच्या आंत. आमचें गॅरेज सोळा फूट लांब. तेव्हां आमची मोटार शिरूनही मागें एका भिंतीचीं फळ्यांचीं मांडणी मावली. ज्यांचें गॅरेज याहून लहान असेल त्यांनीं तें दुचाकींसाठीं करावें. त्यांतही कमीपणा नाहीं. सागाचें जुनें दुपाखी दार ठेवलें, नवे बिजागर लावले. वर व खालीं असे दोन्ही बाजूंस कायमचे झरोके ठेवले. कारण मोटारीच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि बंद गॅरेजांत चालू इंजिन हें जिवावरचें काम आहे.

सहावें, वीज. आमच्या मतें आजच्या काळीं गॅरेजची किंमत वाढविणारी खरी गोष्ट हीच. मुख्य फळीपासून स्वतंत्र जाड तार, चांगलें अर्थिंग, ३० मिलिअँपिअरला तुटणारें गळतीरक्षक, आणि १६ अँपिअरचा एक प्लग. एवढ्यावर विजेवर चालणारी मोटार रात्रींत भारित होते. तीस युनिटांच्या बॅटरीस सुमारें नऊ-दहा तास लागतात. मात्र घराचा मंजूर वीजभार तेवढा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि हें काम परवानाधारक तारतंत्र्याखेरीज कोणाच्याही हातीं देऊं नये.

गिलावा, फरशी, कौलें, रंग अशा दुरुस्तीस बहुधा परवानगी लागत नाहीं. भिंत हलविणें, उंची वाढविणें, उपयोग बदलणें यांस लागते. शंका असल्यास आधीं विचारावें. आमचा एकंदर खर्च चार लाखांच्या थोडा आंत आला.

सदनिकांत राहणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. आपल्या इमारतीखालीं खांबांमध्यें मोटार ठेवावयास मिळालेली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यानें गॅरेजची व्याख्याच दिली आहे: छप्पर व तीन बाजूंस भिंती असलेली, वाहनासाठींची जागा. त्याआधीं २०१० सालीं ‘नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाळी सहकारी गृहनिर्माण संस्था’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें होतें कीं खांबांमधील ती जागा गॅरेज नसून इमारतीच्या सामाईक भागांत मोडते, आणि बांधणारा ती स्वतंत्रपणें विकूं शकत नाहीं. तेव्हां तेथें जाळी ठोकून वा विटा रचून ‘आपली खोली’ करण्यानें सदनिकेची किंमत वाढत नाहीं. शेजाऱ्यांशीं तंटा तेवढा वाढतो.

आतां मूळ प्रश्न: किंमत वाढली काय? गॅरेजमध्यें मोटार गेली, राखलेलें सामान मांडणीवर गेलें, आणि ‘ऑफिस’ रिकामें झालें. त्याला रंग दिला, न्हाणीघरांत धरावयास दांडे बसविले. मूल्यमापक आले तेव्हां त्यांनीं नकाशाशीं घर ताडून पाहिलें. कोठेंही बोट अडकलें नाहीं. त्यांनीं धरलेली किंमत आम्हीं घातलेल्या खर्चाहून थोडीशीच अधिक वाढलेली होती. कोणी दुप्पट-तिप्पट लाभाची आशा दाखवील तर ती आम्ही दाखविणार नाहीं. परंतु कर्ज विनातक्रार मंजूर झालें, आणि धाकट्यांचा हिस्सा त्यांच्या हातीं पडला. कागदांवर सही करावयास ते आले तेव्हां गॅरेजांत बराच वेळ उभे होते. निघतांना म्हणाले, "दादा, हिस्सा मिळाला. पण हा हँडल मी नेऊं का?" थोरल्यांनीं काकूंकडे पाहिलें. वादाच्या वस्तूचा निकाल त्यांच्याकडे होता. त्या म्हणाल्या, "नेऊं नको, येथेंच राहूं दे. त्या निमित्तानें तरी येत जाशील." हँडल गॅरेजच्या खिळ्याला टांगला आहे. दिवाळींत ते सहकुटुंब आले होते.

काकू आतां खालीं असतात. सकाळीं काठी टेकीत अंगणांत येतात आणि तुळशीला स्वतःच्या हातानें पाणी घालतात. मूल्यमापकाच्या कागदावर या गोष्टीसाठीं रकाना नाहीं. परंतु आमच्या पत्रलेखकांनीं आपलें गॅरेज मोजावयास फीत काढण्यापूर्वीं, त्या गॅरेजमुळें घरांतली कोणती खोली व कोणतें माणूस अडकून पडलें आहे, हें एकदां पाहावें. हिशेबाचा आरंभ तेथून केला, तर बहुधा चूक होणार नाहीं.